मोरसला गेलेला पूर्वज : कोणत्या कागदावर किती भरवसा ठेवायचा?

घराण्याचा शोध घेणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात आहे. पणजोबांचे एक चुलते मोरसला, म्हणजे मॉरिशसला, गेले ते परत आलेच नाहीत, असे आजी सांगायची. आता मॉरिशसच्या एका कुटुंबाने इंटरनेटवरची वंशावळ पाठवली आहे. तीत त्यांचा मूळपुरुष ‘मराठा सरदार, जन्म मुंबई, 1840 साली आप्रवासी घाटावर उतरला’ असा दिला असून सोबत त्याचा फोटोही आहे. त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव आमच्या वंशवेलीतल्या नावांशी जुळते. हे आमचेच भाऊबंद समजायचे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : अजून नाही. नावे जुळली म्हणून आनंद होणे साहजिक आहे. पण त्या काळी कोकणात एकाच नावाची माणसे गावोगाव होती, आणि बाप-लेकाच्या नावांची तीच जोडी दोन वाड्यांत सापडणेही नवलाचे नाही. आधी आलेली ओळच तपासून पाहा.

साल घ्या. मॉरिशसला करारावर मजूर नेण्याची मोठी सुरुवात 2 नोव्हेंबर 1834 रोजी तिथे पोहोचलेल्या, कलकत्त्याहून निघालेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजापासून धरतात. पुढे मजुरांच्या हालांवरून ओरड झाली आणि 1839 मध्ये ही वाहतूक बंद करण्यात आली. 1842 च्या कायद्याने ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा खुली झाली. म्हणजे 1840 हे नेमके बंदीच्या काळातले साल आहे. माणूस बंदीआधी गेला असेल किंवा बंदी उठल्यावर. 1840 हा बहुधा कुणीतरी अदमासाने धरलेला आकडा आहे. पोर्ट लुईच्या ज्या डेपोला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो, तो 1849 मध्ये उभा राहिला. त्यामुळे 1840 आणि आप्रवासी घाट या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. 2006 मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत आली, आणि तेव्हापासून ‘आमचे पूर्वज घाटावर उतरले’ हे वाक्य वंशावळींत सरसकट येऊ लागलेले दिसते.

फोटोचेही तसेच. मजुरांची छायाचित्रे काढण्याची पद्धत 1860 च्या दशकातली. करार संपलेल्या जुन्या मजुरांनी ओळखीसाठी जवळ बाळगायच्या तिकिटावर छायाचित्र हवे, असा नियम 1867 मध्ये झाला. तेव्हा हा फोटो उतरताना काढलेला नाही हे नक्की. पण तो फेकून देऊ नका. तोच माणूस पंचवीस-तीस वर्षांनंतर तिकिटासाठी कॅमेऱ्यापुढे बसला असेल, तर त्या फोटोमागे त्याचा क्रमांक मिळेल.

‘जन्म मुंबई’ ही या विषयातली सर्वांत मोठी ठेच. परदेशातल्या कागदात मुंबई म्हणजे बहुतेक वेळा माणूस जिथे जहाजात चढला ते बंदर. जन्मगाव वेगळे.

राहिला ‘सरदार’. ऊसमळ्यावर मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला सरदार म्हणत. मॉरिशसच्या घरात आजोबांविषयी ‘ते सरदार होते’ असे सांगितले जाई, ते अगदी खरे असे. दोन पिढ्यांनी तो शब्द मराठ्यांच्या इतिहासाशी जोडला गेला की मुकादमाचा जहागीरदार होतो. यात कुणी खोटे बोललेले नसते, म्हणूनच ही चूक पकडायला कठीण जाते.

आता काय करायचे ते सांगतो. त्या कुटुंबाला वंशावळ बाजूला ठेवायला सांगा आणि एकच गोष्ट मागा : मूळपुरुषाचा इमिग्रंट क्रमांक. मॉरिशसमध्ये उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे आणि पुढची कागदपत्रे त्याच क्रमांकाने चालत. मुलांच्या जन्माच्या नोंदीत, लग्नाच्या व मृत्यूच्या दाखल्यातही तो आढळतो. क्रमांक साधारण चढत्या क्रमाने असल्याने आगमनाचे साल ताडून पाहता येते. मधे गावी येऊन पुन्हा गेलेल्या माणसाचे दोन क्रमांक असू शकतात, हे ध्यानात असू द्या. क्रमांक हाती आला की मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या भारतीय आप्रवासाच्या दप्तरात जहाजाच्या रजिस्टरातली नोंद शोधता येते. वंशजाने नात्याचे दाखले जोडून अर्ज करावा. नोंदीचा उतारा न घेता मूळ पानाची प्रत मागावी.

ही प्रत मिळाली तरी सगळे रकाने सारख्या तोलाचे नसतात. जहाजाचे नाव आणि उतरल्याची तारीख पक्की, कारण ती कचेरीची स्वतःची माहिती. उंची आणि अंगावरची खूण कारकुनाने समोर पाहून लिहिलेली, तीही भरवशाची. वडिलांचे आणि गावाचे नाव त्या माणसाने स्वतः सांगितलेले असे. त्यात खोटे सांगण्याचे कारण क्वचितच, पण मधे दुभाषा आणि परका कारकून आल्याने अक्षरे मोडतात : ‘उ’साठी इंग्रजी दोन ओ, ‘अ’साठी यू, ‘क’साठी सी. नाव मोठ्याने वाचून पाहा. डोळ्याला अनोळखी वाटणारे गाव कानाला ओळखीचे लागते. वय मात्र कच्चे. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे जागोजाग दिसतील, आणि भरती करणाऱ्याला तरणी माणसे हवी असल्याने वय कमी सांगण्याकडे कल असे. जातीच्या रकान्यात कधी जात, कधी धर्म, तर कधी नुसता मुलूख लिहिलेला असतो. तिथे ‘मरहट्टा’ दिसले तर तो मराठी बोलणारा होता एवढेच हाती येते. आडनावाची अपेक्षा ठेवू नका. वडिलांचे नावच पुढे तिथे आडनाव होऊन बसते.

नोंदीतला तालुका आजच्या नकाशावर शोधू नका. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग असे तालुके होते. तुमचे गाव अंजनवेल तालुक्याखाली सापडण्याचा संभव अधिक. जुन्या विभागणीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1880 मध्ये निघालेला रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड जवळ ठेवावा. सावंतवाडी तेव्हा वेगळे संस्थान होते. आणि उताऱ्यात ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असे लिहिलेले असेल, तर तो शब्द 1981 नंतरचा आहे. मुळात काय लिहिले होते ते कुणीतरी आपल्या समजुतीने बदलले आहे. अशा उताऱ्यावर विसंबू नका.

आपल्या बाजूला काय पाहायचे? गावातून गेलेल्या मजुराचे नाव गावच्या कागदात सहसा राहत नाही. राहतात ते मागे उरलेले भाऊ. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि त्यातल्या वारस नोंदी मागा. हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे त्याआधीचे फेरफार मिळणार नाहीत. खोताच्या (सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) गावात त्यामागे जायचे तर 1880 च्या खोती कायद्याखालचे बोटखत, म्हणजे गावच्या जमिनींचे नोंदपत्रक, पाहावे. त्यात कुळांची नावे असतात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटचे खंड आहेत. त्यांत मुंबई बंदरातून झालेल्या मजूर वाहतुकीचा सरकारी पत्रव्यवहार मिळतो. एकेका मजुराचे नाव तिथे मिळेल या आशेने जाऊ नका, पण जहाज आणि साल ताडून पाहायला तो उपयोगी पडतो. खानेसुमारीत (जनगणनेत) शोधण्यात वेळ घालवू नका. 1872 पासूनचे अहवाल छापलेले आहेत. घरोघरचे नावनिशीवार तक्ते जपून ठेवलेले नाहीत.

गाव, वडिलांचे नाव आणि काळ या तिन्ही गोष्टी मूळ नोंदीत जुळल्या आणि एकही गोष्ट विरुद्ध गेली नाही, तर नाते ‘बहुधा’ म्हणावे. गाव जुळले नाही आणि नुसती नावे जुळली, तर वंशवेलीत तुटक रेघ काढा आणि शेजारी कारण लिहून ठेवा. ती रेघ पुढच्या माणसाने पुसली तरी कारण वाचून पुसेल.

प्रश्न : एक संस्था पैसे घेऊन सात पिढ्यांची वंशावळ ‘पुराव्यांसह’ करून देते. घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पुरावे किती आहेत ते मोजू नका, कोणत्या जोडाला आहेत ते पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह अँजू नावाचा माणूस अमेरिकेतल्या कुटुंबांना वंशावळी विकत असे. त्या कुटुंबांचे पूर्वज वसाहतकाळात इंग्लंड-युरोपातून आलेले. त्याच्या कामात खरी मृत्युपत्रे, चर्चच्या खऱ्या नोंदी असा ढीगभर माल असे. खोटा असे तो एकच सांधा : समुद्र ओलांडून आलेला माणूस आणि युरोपातले बडे घराणे यांना जोडणारा. त्या सांध्याचा कागद कुठल्या दप्तरात आहे, हे मात्र लिहिलेले नसे. त्या वंशावळी पुढे पुस्तकांत छापल्या गेल्या, त्यांवरून इतरांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या चुका अजूनही फिरत आहेत.

तेव्हा पैसे देण्याआधी त्या संस्थेकडे दोन पिढ्यांमधल्या प्रत्येक जोडासाठी कचेरीचे नाव, दप्तर, क्रमांक, पान आणि मूळ पानाची प्रत मागा. एका जरी जोडाला ‘पारंपरिक माहिती’ एवढेच उत्तर आले, तर वंशावळ तिथपर्यंतच आहे असे धरा.

प्रश्न : कुलवृत्तांतात आमचे खापरपणजोबा 1843 मध्ये वारले असे आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मात्र त्यांच्या मुलाने लिहिलेला मजकूर आहे आणि त्यावरून 1844 निघते. खरे कोणते?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कदाचित दोन्ही एकच आहेत. वहीत शके आणि तिथी असणार. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत 79 मिळवावे लागतात. शके 1765 चा चैत्र 1843 मध्ये येतो आणि त्याच शकाचा माघ 1844 मध्ये. महिना न पाहता सरसकट 78 मिळवले की असा एक वर्षाचा फरक पडतो. याहून जुना मोडी कागद पाहाल तर त्यात सुहूर सन (मराठी दप्तरात चालणारी जुनी कालगणना) अरबी शब्दांत असेल, एकम् आधी आणि हजार शेवटी. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे 7, 70, 100 आणि 1000, एकूण 1177. हे वर्ष मृगाला, जूनमध्ये, सुरू होते. त्यात 599 मिळवा, म्हणजे 1776 चा जून येतो. जानेवारीनंतरच्या तारखेला 600 मिळवावेत.

फरक तरीही उरला तर वहीला झुकते माप द्या. मुलगा बापाच्या अस्थी घेऊन आला, समोर बसून त्याने नाव-गाव सांगितले, सही केली. त्या प्रसंगाबद्दल याहून जवळचा साक्षीदार मिळणार नाही. मात्र त्याच नोंदीत त्याने आजोबा-पणजोबांची नावे सांगितली असतील, तर ती ऐकीव आहेत. एकाच पानावरची एक ओळ पक्की आणि तिच्या खालची कच्ची असू शकते. वही मूळ आहे की वाळवी लागल्यावर नव्याने उतरवलेली, हे उपाध्यायांना विचारा. सगळी नोंद एकाच हाताची, एकाच शाईची असेल तर ती नक्कल असण्याचा संभव मोठा.

कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी अपार कष्ट घेतले आहेत, पण त्यांचे साधन बहुधा पोस्टाने मागवलेली माहिती. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे दोन माणसांचा एक होतो आणि मधली पिढी गळते. याला साधा हिशोब पुरतो. एका पिढीला 25 ते 30 वर्षे धरा. दोनशे वर्षांत सात-आठ पिढ्या हव्यात. चारच असतील तर कुठेतरी दोन नावे एकमेकांत मिसळली आहेत. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांच्या वेलीवर दिसतो, तेही तपासा.

आणि वहीतला मजकूर उतरवून कुलवृत्तांतात घेतला असेल, तर ते दोन पुरावे धरू नयेत. तो एकच पुरावा दोनदा छापला गेलेला असतो.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. आजोबांचे वडील केपटाउनला होते. दक्षिण आफ्रिकेच्या मजुरांच्या याद्या चाळल्या, नाव मिळत नाही.
– एक वाचक, माहीम

उत्तर : त्या याद्या नाताळ या दक्षिण आफ्रिकेतल्या वेगळ्या वसाहतीच्या, केपटाउन ज्या केप वसाहतीत येते तिच्या नव्हेत. 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागले, तिथपासून 1911 पर्यंत मद्रास आणि कलकत्त्याहून करारावर गेलेल्या 1,52,184 जणांच्या. कोकणातून केपला गेलेले लोक पदरचे भाडे भरून, स्वतंत्र प्रवासी म्हणून गेले. ते त्या यादीत नसणारच, आणि नाव मिळाले नाही म्हणून घरची हकिकत खोटी ठरत नाही.

केपच्या इमिग्रेशन खात्याच्या फायली मागा. 1902 आणि 1906 च्या कायद्यांनंतर तिथे राहणाऱ्या हिंदी (भारतीय) माणसाला गावी येऊन परत जायचे तर परवाना काढावा लागे, आणि त्या अर्जांसोबत छायाचित्रही मिळते. या अर्जांत एक सावधगिरी हवी : परत प्रवेश मिळावा म्हणून अर्जदार तिथल्या वास्तव्याची वर्षे जास्त सांगण्याची शक्यता असते, तेव्हा ‘मी अमुक साली आलो’ हे विधान इतर कागदाशिवाय मानू नका. गावाचे नाव सांगताना असा काही लाभ नव्हता. अर्जातले गाव घ्या आणि त्या गावच्या जमातीकडे निकाहाची जुनी दफ्तरे आहेत का ते पाहा. परवान्याच्या काळात तो माणूस गावी आला असेल, तर त्या एक-दोन वर्षांतला निकाह किंवा त्यानंतरचा मुलाचा जन्म हा दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा सांधा ठरू शकतो.

प्रश्न : डीएनए चाचणीने हे सगळे एका फटक्यात सुटणार नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. दोन जिवंत माणसांत रक्ताचे नाते आहे का, याचा अंदाज चाचणी देते. कोणत्या गावचा कोणता पूर्वज, हे ती सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गावांतच सोयरिकी झालेल्या समाजात नाते असते त्याहून जवळचे दिसते. उलट, चार-पाच पिढ्यांपूर्वी फुटलेल्या खऱ्या भाऊबंदांतही कधी काहीच जुळत नाही. चाचणी करायचीच असेल तर दोन्हीकडच्या हयात असलेल्या सर्वांत वयस्कर माणसांची करा, आणि ती कागद जुळल्यानंतर करा.