कॉट बेसिसवरची झोप

परीक्षा जवळ आल्या की माझ्या टपालातली पोटदुखी कमी होते आणि झोपेच्या तक्रारी वाढतात. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा देणार आहे, कारण त्या पोरानं मेहनत घेतली आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव राधानगरी तालुक्यात. कोल्हापुरात राजारामपुरीत चौघांत एक खोली आहे, कॉट बेसिसवर राहतो. काहीही केलं तरी रात्री तीनशिवाय झोप लागत नाही. साडेसातला उठून आठच्या लेक्चरला जातो आणि तिथं डुलक्या खातो. सरांनी दोनदा बाहेर काढलं. शनिवार-रविवारी भरपाई करतो. मोबाइल बंद करून बघितला, एक दिवस. फरक पडला नाही. आठ दिवसांच्या झोपेच्या वेळा वहीत लिहिल्या आहेत, ती पानं सोबत जोडतो. एखादी साधी गोळी सुचवा. ता. क. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय, घरी अजून सांगितलं नाही, पण त्याचा झोपेशी संबंध नसावा.

उत्तर : अरे बाबा, आधी शाबासकी घे. तीस वर्षं मिरजकर तिकटीजवळ दवाखाना चालवते. ‘झोप येत नाही’ म्हणत कितीतरी आले, पण कुणी न सांगता वही लिहून आणणारा तू पहिलाच.

आणि तुझी वही तुझ्या पत्रापेक्षा खरं बोलते. पत्रात साडेचार तास झोप आहे. वहीत मात्र सोमवार, मंगळवार आणि गुरुवारपुढं ‘दु. ३.३० ते ६, आडवा झालो’ असं लिहिलं आहेस. अडीच तास आडवा झालेल्या माणसाला आमच्याकडे झोपलेला म्हणतात.

संध्याकाळी सहाला दोन कटवडे हाणायचे आणि आठला मेसच्या ताटावर बसून ‘मावशी, भूकच नाही’ म्हणायचं, तसं हे झालं. झोपेचीही भूक असते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितके डोळे जड होतात आणि झोपलं की ते उतरतं. तू ते दुपारीच उतरवून टाकतोस, मग रात्री अंथरुणावर पडून झोपेची वाट बघतोस.

त्यात चहा. वहीच्या कडेला तू बारीक अक्षरात चहाचे आकडे लिहिलेत, ते वाचून मला हसू आलं. साडेसहाला एक, नऊला एक, आणि रात्री अकराला टपरीवर ‘सगळे गेले म्हणून’ एक. बुधवारी भर म्हणून तो एनर्जी ड्रिंकचा डबाही आहे. तसल्या २५० मिलीच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. आता हे कॅफिन करतं काय? स्टँडवर राधानगरीची गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तेच. अ‍ॅडेनोसिननं मेंदूत ज्या जागांवर बसायचं, तिथं कॅफिन आधीच रुमाल टाकून ठेवतं. गर्दी काही कमी झालेली नसते, ती उभी असते. रुमाल उचलले गेले की सगळी एकदम बसते. तुझ्या बाबतीत ती बसते सकाळी आठच्या लेक्चरला. अकराला प्यालेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे चार-पाचलाही अंगात असतं, कारण ते निम्म्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात. शेवटचा चहा दुपारी चारला. त्यानंतर टपरीवर जायला माझी हरकत नाही, तिथं दूध पी. कोल्हापुरात दुधाला काय तोटा आहे?

आता शनिवार-रविवार. इतर दिवशी तू तीन ते साडेसात झोपतोस, म्हणजे झोपेचा मध्य सव्वापाचला येतो. शनिवारी-रविवारी साडेतीन ते बारा, म्हणजे मध्य पावणेआठला. फरक अडीच तासांचा. सौदी अरेबियाचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोब्बर अडीच तास मागे आहे. म्हणजे बाळा, तू दर शनिवारी सौदीला जातोस आणि सोमवारी सकाळी राजारामपुरीत उतरून थेट लेक्चरला बसतोस. विमानातून उतरलेल्या माणसाला आपण निदान एक दिवस झोपू देतो. तुझ्या सरांना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून ते बाहेर काढतात.

यात सगळा दोष तुझा नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे घरी दाखवता येईल. शरीरात एक घड्याळ असतं, जवळपास प्रत्येक पेशीत त्याचे काटे असतात. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. विशीच्या आसपास हे घड्याळ आयुष्यात सर्वांत उशिरा चालतं. अंधार पडल्यावर मेलाटोनिन पाझरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं, ते तुझ्या वयात माझ्यापेक्षा बरंच उशिरा सुरू होतं. मला साडेनऊला जांभया येतात, हा काही माझा सद्गुण नव्हे. पण उशीर म्हणजे तास-दोन तास. तीन वाजणं हे तुझं स्वतःचं कर्तृत्व.

मग करायचं काय? सगळे तुला ‘लवकर झोप’ म्हणतील. मी म्हणते, झोपायच्या वेळेला हातच लावू नकोस. झोप काही हुकमानं लागत नाही. उठणं मात्र आपल्या हातात आहे. सकाळी सात. सोमवारी सात, रविवारी सात, आदल्या रात्री युरोपातला सामना साडेबारा-दीडला सुरू होऊन कितीलाही संपला असला तरी सात. (पेठेतल्या फुटबॉलबद्दल तर बोलायलाच नको. शाहू स्टेडियमवरचा सामना संध्याकाळी संपतो, तुमच्या खोल्यांमधला मध्यरात्रीपर्यंत चालतो.) उठलास की तोंड धुऊन थेट गच्चीवर जा आणि अर्धा तास उजेडात राहा. चहा तिथंच घे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर काही हजार लक्स उजेड असतो, तुमच्या खोलीतल्या ट्यूबखाली दोन-तीनशे. शरीराचं घड्याळ लावायला बाहेरचाच लागतो.

दुपारी अगदीच डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून, खुर्चीत. पहिला आठवडा वाईट जाईल, त्या दिवसांत कुणाची गाडी घेऊन पन्हाळ्याला जाऊ नकोस. हळूहळू साडेबारा-एकला आपोआप पेंग येईल. पेंग आली की झोप. मग दर तीन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे ये. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात, तेव्हा अखेर साडेअकरा ते सात जमलं तरी मी खूश.

कॉटचंही बघावं लागेल. कॉट बेसिस म्हणजे चार कोपऱ्यांत चौघांचे संसार. तू कॉटवरच जेवतोस, सबमिशन लिहितोस, रील्स बघतोस, भांडतोस, आणि मग त्याच कॉटला म्हणतोस, आता झोप आण. तिला कसं कळावं? झोपेशिवाय दुसऱ्या कशालाही अंथरूण वापरू नये, हा उपाय १९७२ पासून निद्रानाशाच्या उपचारात आहे आणि आजही टिकून आहे. तुझ्याकडे दुसरी जागाच नाही, हे मला कळतं. म्हणून दिवसा उशी-पांघरूण ट्रंकेत आणि बसायचं ते पायथ्याकडच्या टोकाला. अभ्यास अभ्यासिकेत. रात्री पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप नाही आली, तर उठून जिन्यात बस, कंटाळवाणं काहीतरी वाच, पेंग आली की परत ये. कोल्हापुरानं १९०१ पासून बाहेरगावच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. राहायची सोय झाली, आता झोपायची तुम्ही करा.

झोप मोजायची एक प्रश्नावली आहे, १९८९ साली पिट्सबर्गमध्ये तयार झालेली. कॉलेजच्या पोरांच्या पाहण्यांत बहुधा तीच वापरतात. पडल्यापासून झोप लागायला किती वेळ, मध्ये कितीदा जाग, दिवसा पेंग, गोळ्या, असे सात भाग, मिळून २१ गुण. पाचाच्या वर गेलं की झोप बिघडलेली. तुझ्या वहीवरून मी ढोबळ हिशेब केला, तू पाच केव्हाच ओलांडलेत. एम-थ्रीत असे गुण वाढले असते तर?

आता तिथंच येते. ताजा कलम लिहून तू म्हणतोस, संबंध नसावा. मोबाइल बंद केलेल्या त्या एका रात्रीपुढं वहीत काय लिहिलंस ते वाच : ‘बाबांचा विचार. ३.४०.’ पडद्याचा निळसर उजेड मेलाटोनिन दाबतो हे खरं, पण तुझा मोबाइल मला चोरापेक्षा राखणदार वाटतो. तो विचार आत येऊ नये म्हणून तू त्याला तीनपर्यंत दारात उभा करतोस. त्याला काढून घेतलं की विचार आत आला. या शनिवारी बारापर्यंत झोपण्याऐवजी सातला उठून गाडी पकड, गावी जा आणि वडिलांना सांग. ओरडतील. त्या रात्री झोप कशी लागली ते वहीत लिही आणि मला कळव. मन फारच खचलं असेल, काही नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

गोळी मी देणार नाही. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागू नकोस आणि रूममेटनं दिली तरी घेऊ नकोस. काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीनं भागेनासं होतं आणि सोडली की आधीपेक्षा वाईट रात्री येतात. महिनाभर एवढं सगळं करूनही जमलं नाही, किंवा तू घोरतोस, झोपेत श्वास अडकतो असं खोलीतल्यांनी सांगितलं, तर मात्र डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : आम्ही कागलचे. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास करते आणि मी तिला पहाटे चारला उठवते. आमच्या वडिलांनी आम्हाला असंच वळण लावलं. पण ही पुस्तक उघडं ठेवून पेंगते, चिडचिड करते, पाठ केलेलं विसरते. तालमीतली पोरं चारला उठून जोर काढतात, मग हिलाच काय होतंय? बदाम-दूध चालू आहे.

उत्तर : ताई, तालमीतल्या पोरांची पहाट तुम्ही बघितलीत, त्यांची रात्र नाही बघितली. नऊला तालीम शांत होते. आणि दुपारचं जेवण झालं की तीच पोरं घोरत असतात, त्यांचे वस्ताद ती झोप चुकवू देत नाहीत. तुमची मुलगी साडेअकराला पडून चारला उठते. त्या पैलवानांनाही इतक्या झोपेवर ठेवलं तर आठवड्यात अंग सोडतील.

पाठांतराचं विशेष लिहिते. झोप साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसायला दोन्ही लागतात. तुम्ही चारला हाक मारता तेव्हा नेमका हा दुसरा भाग कापला जातो. चिडचिडही त्याच खात्यातली.

माझंच सांगते. फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, झोपेच्या औषधांचे गट सांगा. मी ‘बार्बिच्युरेट’ म्हणाले आणि पुढं कोरी पाटी. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘तुम्ही त्यातलंच काही घेऊन आलात का?’ सहा महिन्यांनी परत बसावं लागलं.

पहाटेचा अभ्यास वाईट नाही, पण त्याचं भाडं आदल्या रात्री भरावं लागतं. चारला उठायचंच असेल तर दिवे नऊला गेले पाहिजेत, सगळ्या घरातले, टीव्हीसकट. ते जमणार नसेल तर तिला साडेसहाला उठवा. वडिलांचं वळण म्हणता, पण वडिलांच्या काळी रात्री आठनंतर गावात काय होतं ते आठवून बघा. बदाम चालू राहू द्या, त्यांचा यात काही दोष नाही.

प्रश्न : गोकुळ शिरगावला रात्रपाळी करतो, रात्री अकरा ते सकाळी सात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, लेक्चर दुपारी दोनला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास अशी तुकड्या-तुकड्यांनी झोप होते. घर मंगळवार पेठेत, शेजारी तालीम.

उत्तर : नोकरी सोड असं लिहिणं सोपं आहे, पण फी माझ्याकडून जाणार नाही. दिवसाची झोप रात्रीपेक्षा कमी आणि कच्चीच होते. त्यात तुझं काही चुकत नाही, शरीराचं घड्याळ उलट दिशेला ओढत असतं. म्हणून एक मोठा तुकडा पक्का कर. सकाळी आठ ते एक, रोज तोच. दुसरा छोटा, कामावर निघण्याआधी दीड तास. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यातच, तीननंतर नाही. सकाळी परतताना काळा गॉगल घाल, उन्हानं डोळ्यांवरची झोप उडते. पण पेंगत असशील तर आधी कंपनीतच वीस मिनिटं डोळे मीट आणि मगच गाडीला किक मार. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर सुपरवायझरला महिनाभर एकच पाळी मागून बघ. खिडकीला गोधडी टांग, कानात कापूस घाल, मोबाइल आईकडे दे आणि आठ ते एक कुणी बेल वाजवायची नाही हे तिलाच सांगू दे, तिचं सगळे ऐकतील.

तालमीतल्या मंडळींना सकाळची हलगी दुपारनंतर घ्या म्हणून विनंती करता येईल. मंगळवार पेठेत ती कितपत मानली जाईल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.