जाहिरातीत ‘साका’ लिहिला म्हणून दाजी अजून चिडलेले आहेत

तुम्ही विचारलंय, ग्राहकांना थेट पाठवायच्या पत्रकाचा आणि मेसेजचा मजकूर कसा लिहावा, आणि ‘चार आकर्षक शब्द सुचवा’. त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो.

मामाची देवगडला हापूस आंब्याची कलमं आहेत. काही वर्षांपूर्वी त्याच्या पेट्या मी आणि दाजींनी पुण्यात थेट विकायला आणल्या. पेपरात घालायच्या पत्रकावर दाजींनी लिहिलं : ‘भव्य आंबा महोत्सव! खवय्यांसाठी सुवर्णसंधी! अस्सल देवगड हापूस!!’ अहो, ‘अस्सल देवगड’ तर कर्नाटकातला आंबा विकणाराही बिनदिक्कत लिहितो. कोथरूडच्या काकूंना धास्ती असते ती कार्बाइडची पावडर घालून पिकवल्याची आणि साक्याची, म्हणजे आतला गर खराब निघण्याची. साका बाहेरून दिसतच नाही, विकणाऱ्यालासुद्धा. म्हणून मी लिहिलं : ‘अढीत पिकवलेला. कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देऊ.’

दाजी भडकले. ‘‘लग्नपत्रिकेवर घटस्फोटाच्या वकिलाचा नंबर छापतोस का रे?’’

ताईनं मध्ये पडून तोडगा काढला. वर त्यांचं ‘भव्य’, खाली माझी ओळ. फोन करणारा जवळपास प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘‘खरंच बदलून देणार ना?’’ पेट्या सगळ्या गेल्या. बदलून द्यावे लागले ११ आंबे.

तेव्हा शब्द शोधू नका. गिऱ्हाईक पैसे काढताना कशाला कचरतं ते शोधा आणि तेच छापा.

मेसेजचं म्हणाल तर, डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो हे माहीत असेलच. मराठी एसएमएसमध्ये ७० जागा मिळतात, इंग्रजीत १६०. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजतात. ‘क्ष’ला तीन जागा लागतात, दाजींची ‘सुवर्णसंधी’ दहा खाते. सत्तरच्या वर गेलात की दोन मेसेजचे पैसे.

आता खरं सांगायचं तर त्या वर्षी आंबा कमी होता, कोऱ्या कागदावरही खपला असता कदाचित. आणि बदलून द्यायची ऐपत नसेल तर माझी ओळ उचलू नका.

दाजींचं अजूनही म्हणणं आहे की फोन ‘भव्य’मुळेच आले. आले ना, दोन आले. महोत्सव कुठल्या मैदानावर आहे ते विचारायला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेव्हा १६ पेट्या होत्या.