लिपी वाचता येत नसेल तर जुन्या कागदपत्रांच्या प्रदर्शनात बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दुर्मिळ कागदपत्रांचं प्रदर्शन लागलंय, मोडी-फारसी काहीच येत नाही, मग काचेतले पिवळे कागद बघायला जाण्यात अर्थ आहे का. माझं म्हणणं, नक्की जा आणि घाईत जाऊ नका. मला हिब्रू, अरबी दोन्ही येत नाहीत, तरी 2017 मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी लायब्ररीत कैरोच्या गेनिझाचं प्रदर्शन होतं ते पाहिलं आणि त्यातून जे मिळालं ते अजून पुरतंय.

गेनिझा म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्याकडे पोथी जीर्ण झाली की रद्दीत घालत नाहीत, नदीत सोडतात, तसंच ज्यू लोकांत देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, बाजूला ठेवतात आणि मग पुरतात. जुन्या कैरोत म्हणजे फुस्तातमध्ये बेन एझ्रा सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, अशी एक खोली होती, पण तिथले लोक अरबी भाषासुद्धा हिब्रू अक्षरांत लिहायचे आणि त्या अक्षरांतलं काही फेकायचं नाहीत, त्यामुळे धर्मग्रंथांबरोबर पत्रं, हिशेब, लग्नाचे करार, मुलांच्या अक्षरं गिरवायच्या वह्या, सगळंच आत पडत गेलं आणि पुरायचं राहून गेलं, शेकडो वर्षं. 1896 मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी आणलेल्या कागदांतला एक तुकडा केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टरनी ओळखला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते कैरोला जाऊन ढीगच्या ढीग घेऊन आले. आज तिथे 1,93,000 च्या आसपास तुकडे आहेत. तुकडेच म्हणायचं, अख्खं असं फार कमी.

आता वाचता येत नसताना काय दिसतं? सगळ्यात आधी कागद कसा वापरलाय ते दिसतं. फातिमी खलिफांच्या, म्हणजे तेव्हाच्या इजिप्तच्या राज्यकर्त्यांच्या, दरबारातले हुकूम मोठ्या अक्षरांत आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहिलेले असायचे, तो त्यांचा रुबाब होता. पुढे ते कागद निकामी झाले की कुणीतरी कापून घ्यायचं आणि मधल्या कोऱ्या जागेत बारीक हिब्रूत आपलं काहीतरी लिहायचं. हे कळायला एकही अक्षर यायची गरज नाही, राजाचा हुकूम आणि त्याच्या पोटात कुणा साध्या माणसाचं लिखाण, एकाच कागदावर, सरळ डोळ्याला दिसतं. व्यापाऱ्यांच्या पत्रांत तर जागा संपली की समासात आडवं लिहिलेलं असतं.

भारताचा संबंधही आहे बरं का यात. अब्राहम बेन यिजू नावाचा ट्युनिशियाकडचा व्यापारी बाराव्या शतकात बरीच वर्षं मंगळूरला राहिला, तिथे त्याचा पितळ-तांब्याची भांडी घडवायचा कारखाना होता, एडनचे व्यापारी त्याच्याकडे मोडकी भांडी पाठवायचे आणि नवीन करून मागवायचे. सोबत भेट म्हणून साखर, मनुका आणि कागद यायचा, कारण तसा कागद इकडे मिळत नव्हता. म्हणून हा माणूस आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेत स्वतःचे हिशेब आणि टिपणं लिहायचा, ती पत्रं त्याने परत जाताना बरोबर नेली म्हणून आपल्याला मंगळूरचं हे सगळं कैरोच्या खोलीतून कळतंय.

आणि एक पत्र, जे मला सगळ्यात जवळचं वाटतं. मोझेस मायमोनिडीज, एवढा मोठा तत्त्वज्ञ आणि वैद्य, त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला, तिथे निळीशिवाय घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्याने ठरवलं की पुढे भारतातच जावं, आणि तसं भावाला कळवलं, काळजी करू नकोस, घरच्यांना धीर दे म्हणून. साधारण 1170 चं हे पत्र. पुढे तो हिंदी महासागरात बुडाला. मायमोनिडीजने नंतर लिहिलंय की तो वर्षभर अंथरुणाला खिळून होता आणि भावाचं हस्ताक्षर दिसलं की अजून काळीज हलतं. ते हस्ताक्षर आज केंब्रिजला आहे. मजकूर तुम्हाला लेबलवर मिळेल किंवा नेटवर मिळेल, पण त्या ओळींकडे बघताना भाषांतराची गरजच लागत नाही, निदान मला तरी नाही लागली.

तर तुमच्या प्रदर्शनात शिक्के, राजमुद्रा, सोनेरी वेलबुट्टी हे सगळं बघाच, पण गर्दी तिथेच असते. कोपऱ्यात एखादी पावती, हिशेबाचा चिठोरा असेल तिथे जास्त थांबा. घड्या कुठे पडल्यात बघा, त्यावरून कळतं की पत्र किती बारीक करून पाठवलं होतं. खोडलेले शब्द बघा, शाई कुठे फिकट होत गेली आणि बोरू परत दौतीत बुडवला ते बघा. मोडीत तर हे छान दिसतं कारण हात फारसा न उचलता लिहितात. उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण प्रकाशाने शाई आणि कागदाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून डोळ्यांना सवय होऊ द्या आणि मोबाईलचा फ्लॅश मारू नका.

घरी आल्यावर केंब्रिज डिजिटल लायब्ररीच्या साइटवर गेनिझाचे स्कॅन फुकट आहेत ते चाळा. आणि प्रदर्शनात मोडी वाचणारं कुणी हजर असेल तर सगळं समजावून सांगा म्हणू नका, तुम्हाला आवडलेला एकच कागद दाखवा आणि तेवढा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायला सांगा, मी पाहिलंय की असं विचारलं की ही माणसं खूप मनापासून सांगतात.