संध्याकाळी सोडलं, तरी कागद कोणता झाला ते विचारून या

तुम्ही लिहिलंय की ठाण्याला कोर्ट नाक्याजवळच्या मोर्चात तुम्ही कडेला उभ्या होतात, जिल्हाधिकारी कार्यालयाकडचा रस्ता बॅरिकेड लावून अडवला होता, गाडीत बसवून नेलं, नाव-पत्ता-मोबाइल लिहून घेतला, दोन कागदांवर सह्या घेतल्या आणि सात वाजता सोडलं. बाबा म्हणतात, आता विसरून जा. आणि सगळ्यात शेवटी सहज लिहिलंय की पुढच्या महिन्यात कळव्याची भाड्याची खोली सोडून खारघरला जाताय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि ताट बाजूला ठेवून लिहायला बसले. मी २०१८ साली अगदी हेच केलं होतं.

मोर्चाला जाताना काय न्यावं, बूट कोणते घालावेत हे बाकीच्यांनी लिहिलंय, मी त्यात जात नाही. आणि मी वकील नाही. खाली जे आहे ते एका साध्या केसच्या मागे फिरून कळलेलं आहे. कलमं वकिलाकडून तपासून घ्या.

तेव्हा आम्ही घणसोलीला राहत होतो. पाण्यासाठी बायकांचा मोर्चा होता. आम्ही साठ-सत्तर जणी असू आणि समोर बंदोबस्तही जवळपास तेवढाच. दंगल नियंत्रण पथकाची गाडी, महिला पोलिसांची रांग, साध्या वेशातले दोघे-तिघे व्हिडिओ काढत होते. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. जमावबंदी लागू आहे असं भोंग्यावरून सांगितलं, आम्ही बसून राहिलो, वीस-बावीस जणींना उचललं. पोलीस ठाण्यात चहा दिला, नीट वागवलं, तेही सांगायला हवं. सह्या घेतल्या. मुलगा शाळेतून यायची वेळ झाली होती, म्हणून कागद न वाचता सही केली आणि रिक्षा पकडली. पत्ता आधारवरचा दिला, घणसोलीचा. चार महिन्यांनी आम्ही नेरुळला आलो. पत्ता बदलल्याचं बँकेला कळवलं, गॅसवाल्याला कळवलं, शाळेला कळवलं. पोलिसांना कळवायचं असतं हे डोक्यातही आलं नाही, कारण माझ्या लेखी तो विषय त्या संध्याकाळीच मिटला होता.

२०२३ला पासपोर्टसाठी अर्ज केला. पडताळणीला आलेले हवालदार म्हणाले, ‘ताई, तुमच्या नावावर केस दिसतेय, वॉरंट पण आहे.’ मला वाटलं, नावात घोळ असेल. घोळ नव्हता. समन्स घणसोलीच्या पत्त्यावर गेलं होतं, ‘सदर महिला नमूद पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत गेलं होतं, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. कागदोपत्री मी फरार होते. त्या काळात मी रोज सकाळी ८.१०च्या लोकलने ठाण्याला नोकरीला जात होते.

त्यानंतरचे तीन महिने मला अजून आठवले तरी राग येतो. मी कार्यालयाचं नाव लिहिणार नाही. पोलीस ठाण्यात विचारलं तर म्हणाले कागद कोर्टात गेले, तिथे विचारा. कोर्टाच्या खिडकीवर म्हणाले केस नंबर नाहीतर सीआर नंबर (पोलिसांचा गुन्हा नोंदणी क्रमांक) आणा, नावावरून शोधत नाही. परत पोलीस ठाण्यात गेले तर जुनं रजिस्टर रेकॉर्डला गेलंय, सोमवारी या. सोमवारी ते साहेब बंदोबस्ताला. पुढच्या सोमवारी गणपतीचा बंदोबस्त. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा. एका टेबलावर एकाने मान वर न करता विचारलं, ‘मोर्चात गेलातच कशाला?’ मी उत्तर दिलं नाही. आज देईन. पाणी नव्हतं म्हणून गेले होते, आणि शांतपणे, शस्त्राशिवाय एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमात आहे. त्या हक्काला वाजवी बंधनं आहेत, तीही मान्य. पण बंधन मोडल्याचा आरोप असेल तर त्याचा नंबर मला सांगणं हे त्या टेबलाचं काम होतं. शेवटी नंबर मिळाला तो ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी ॲपवर. तिथे पक्षकाराच्या नावावरून शोधता येतं. जिल्हा निवडा, न्यायालय निवडा, नाव इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगने आणि वर्ष टाका. माझं आडनाव चुकीच्या स्पेलिंगने होतं. दहा मिनिटांचं काम तीन महिने चाललं, कारण मला ते ॲप कुणी सांगितलं नाही.

तर तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: त्या सह्या कशावर होत्या? दोन शक्यता असतात. एक, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८खाली ताब्यात घेतलं आणि ६९खाली सोडलं. तसं असेल तर बहुधा स्टेशन डायरीत नोंद होऊन विषय संपतो, कोर्टात काही जात नाही. दुसरी, गुन्हा दाखल झालाय. त्यात सहसा मनाई आदेश मोडल्याचं त्याच अधिनियमातलं कलम ३७(१)(३) सह १३५ असतं, नाहीतर बेकायदेशीर जमावाचं कलम, जे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत १८९ आहे. पहिल्यात घरी जाऊन झोपा. दुसऱ्यात आज ना उद्या समन्स येणार, आणि ते तुम्ही दिलेल्या पत्त्यावर येणार. दोन्हींमध्ये संध्याकाळी सातला सोडतात आणि दोन्हींमध्ये सही घेतात, म्हणून बाहेर पडताना फरक कळत नाही. (मोर्चाच्या आदल्या दिवशी घरी येते ती नोटीस, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ची आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या १६८ची, ती म्हणजे गुन्हा नव्हे. पण फाइलला लावून ठेवा.)

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले एफआयआर पोलीस ठाणं आणि तारीख टाकून बघता येतात. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत टाकावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सांगितलंय. तिथे दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला मला ताब्यात घेतलं होतं, माझ्यावर गुन्हा दाखल असल्यास त्याचा क्रमांक व प्रत मिळावी. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. आवाज चढवू नका, पण पोच घेतल्याशिवाय उठूही नका.

आता जे लिहिणार आहे त्यावर इथे काही जण चिडतील. केस निघाली तर कोर्टात कुणीतरी हमखास सांगेल, गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच मोकळ्या व्हाल. माझ्याबरोबरच्या सात-आठ जणींनी तेच केलं आणि मला तो सल्ला मनापासून चुकीचा वाटतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. दंड पाचशे रुपये असला तरी पुढे सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) ती लिहावी लागते. तुम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय असं लिहिलंय, म्हणून हे जास्त जोर देऊन सांगते. आणि लपवायचं तर अजिबात नाही, लपवल्यामुळे नोकरी गेल्याची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीत. ज्यांना रोज हजेरी बुडवणं शक्यच नाही, हातावर पोट आहे, त्यांनी दंड भरला तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. तुमचं तसं दिसत नाही.

दुसरं, ‘सरकार आंदोलनाचे गुन्हे मागे घेतंय’ या बातमीवर विसंबू नका. मी विसंबले होते. आमच्या मोर्चाच्या ताईंनीही सांगितलं होतं, आपलं नाव यादीत आहे. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात हे खरं. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नसावं अशा अटी असतात. पण निर्णय निघाला म्हणजे केस गेली असं नाही. समिती शिफारस करते, मग सरकारी वकील अर्ज देतात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०) आणि न्यायालयाने संमती दिली तरच खटला मागे जातो. २७ जानेवारी २०२४ला वाशीच्या शिवाजी चौकात जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुटलं, तेव्हाही गुन्हे मागे घेण्याची मागणी होतीच. मागणी मान्य होणं आणि एकेका माणसाची फाइल बंद होणं यात केवढं अंतर असतं ते मी मोजलंय. माझी केस शेवटी अशीच अर्जावर मिटली, पण त्याआधी वॉरंट रद्द करायला कोर्टात उभं राहावं लागलं, जातमुचलका (हजर राहण्याचं स्वतःचं हमीपत्र), वकिलांचे बारा हजार. मधल्या काळात परदेशी जायचं असेल तर २५ ऑगस्ट १९९३च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणून पासपोर्ट मिळू शकतो, एवढं लक्षात असू द्या. तो रस्ता लांबचा आहे पण बंद नाही.

तुम्ही विचारलंय, यापुढे जाऊच नये का? मी जाते. माझे सासरे १९८४ला नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याविरुद्धच्या, उरणकडच्या जासईच्या शेतकरी आंदोलनात होते. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण गेले, ते त्यांनी जवळून पाहिलं. २४ जून २०२१ला नवी मुंबई विमानतळाला त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरला सिडको भवनवर मोर्चा निघाला तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, ‘पुढं कोण हाय ते बघू नको, मागं वाट हाय का बघ.’ त्या दिवशी बेलापूरला जिकडे बघावं तिकडे पोलीस होते. मी आधी गल्ली हेरून ठेवली, मगच गर्दीत शिरले. रात्री घरी येऊन वहीत वेळ, जागा, कोण भेटलं ते लिहिलं. २०१८ला तसं एक पान लिहिलं असतं तर किती वाजता नेलं, कुठल्या ठाण्यात, कुणी सही घेतली हे वकिलांना सांगताना माझी त-त-प-प झाली नसती. तुम्ही आज रात्री लिहून काढा, अजून ताजं आहे.

आणि खोली सोडण्याआधी कळव्याहून त्या पोलीस ठाण्यात जाऊन या. गुन्हा असल्याचं कळलं तर त्याच टेबलावर दुसरा अर्ज द्या: खारघरचा पत्ता, चालू मोबाइल नंबर, नव्या भाडेकराराची झेरॉक्स. त्याचीही पोच घ्या. जुन्या घरमालकांकडे नंबर देऊन ठेवा आणि सांगा की पोलीस किंवा पोस्टमन काही घेऊन आला तर ‘इथे राहत नाही’ एवढंच सांगून परत पाठवू नका, आधी मला फोन करा. आमच्या घणसोलीच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी नक्की केला असता. मीच त्यांना कधी सांगितलं नाही.