दोन साहेब, तीन नकाशे

मागच्या वेळी लिहिलं होतं की बहुराष्ट्रीय कंपनीचे तीन नकाशे असतात. एक मालकीचा : कुणाचे शेअर कुणाकडे. दुसरा कामाचा : कोण कुणाला रिपोर्ट करतो. तिसरा पैशाचा : बिल कुठून निघतं आणि रक्कम कुठे जमा होते. हे तिन्ही एकमेकांवर ठेवले तर क्वचितच जुळतात, आणि कंपनीच्या वेबसाइटवर दिसतो तो बहुधा चौथाच! त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या सहांना उत्तरं देतो.

हिंजवडीहून एक इंजिनीअर : माझी कंपनी पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड. मॅनेजर इथे बसतो, पण काम सांगतो म्युनिकचा माणूस. अप्रेझलला दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. माझा खरा साहेब कोण?

पगाराच्या स्लिपवर जिचं नाव, ती कंपनी तुमची मालक. पीएफ, ग्रॅच्युइटी, नोटीस पीरियड सगळं तिच्याशी. म्युनिकचा माणूस उद्या ‘नको’ म्हणाला तरी पत्र पुण्यातूनच निघायला लागतं.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही, इन्क्रिमेंटचा आहे. त्यासाठी तुमचा पगार कुठल्या कॉस्ट सेंटरला, म्हणजे कुणाच्या खर्चखात्यात, पडतो ते बघा. एचआर सांगणार नाही, फायनान्समधल्या कुणाला तरी कटिंग पाजा. तुमच्यासारखी केंद्रं बहुधा झालेला सगळा खर्च आणि वर ठरलेलं मार्जिन असं बिल मुख्य कंपनीला लावतात. म्हणजे तुमची खुर्ची म्युनिकच्या बजेटात मंजूर झालेली असते आणि वाढीच्या टक्क्यांची पिशवी पुण्याच्या हातात असते. खुर्ची राहणार का, हे तिकडे ठरतं; त्या खुर्चीतल्या माणसाला किती मिळणार, हे इकडे. दोघंही तुमच्याशी खोटं बोलत नाहीयेत, अर्धं अर्धं खरं बोलतायत.

अशा दोन साहेबांच्या रचनेला मॅट्रिक्स म्हणतात आणि तिचं गाजलेलं उदाहरण वीजयंत्रं बनवणारी एबीबी. स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोवेरी १९८८मध्ये एक झाल्या. तिचे प्रमुख पर्सी बार्नेविक यांनी त्या अजस्र कंपनीचे सुमारे १,३०० कंपन्या आणि ५,००० प्रॉफिट सेंटर (स्वतःच्या नफ्यातोट्याचा हिशेब देणारे विभाग) असे तुकडे पाडले. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याचा प्रमुख एकीकडे आपल्या देशाच्या प्रमुखाला जबाबदार, दुसरीकडे जगभरातल्या ट्रान्सफॉर्मर धंद्याच्या प्रमुखाला. देशवाला म्हणणार, इथल्या वीज कंपनीला सांभाळ. धंदेवाला म्हणणार, तुझा माल शेजारच्या देशातल्या कारखान्यापेक्षा महाग का? हे भांडण मुद्दाम पेरलेलं होतं, कारण दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्ही कुणीतरी रोज विचारायला हवे होते. झुरिकच्या मुख्यालयात माणसं दोनशेहून कमी. तक्रार वर न्यावी तर ऐकायला कुणी रिकामं नाही, तेव्हा खालीच मिटवा. व्यवस्थापनाच्या वर्गांतून या रचनेचं अमाप कौतुक झालं. बार्नेविक यांच्यानंतर आलेल्या योरान लिंडाल यांनी १९९८मध्ये त्यातली देशप्रमुखांच्या वरची प्रदेशप्रमुखांची फळीच काढून टाकली.

का काढली असेल, हे मला कॅन्टीनच्या डीप फ्रीझरने शिकवलं. एका युरोपीय कंपनीच्या पुण्याजवळच्या कारखान्यात मी ३१ वर्षं अकाउंट्समध्ये काढली. एका मार्चमध्ये कॅन्टीनचा फ्रीझर बसला. प्लांट हेडला ठरलेल्या रकमेपर्यंत सहीचा अधिकार होता, पण ‘भांडवली वस्तू’ म्हटली की दोन सह्या लागायच्या : धंद्याच्या प्रमुखाची युरोपातून आणि आशियाच्या प्रमुखाची सिंगापूरहून. युरोपने विचारलं, हा फ्रीझर कोणत्या प्रॉडक्ट लाइनचा? सिंगापूरने विचारलं, युरोपने मंजूर केलं का? जूनमध्ये दोघांचा एकाच कॉलवर योग आला. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि कॅन्टीनवाल्याने स्वतःच्या खिशातून जुना फ्रीझर आणून लावला होता. त्याचं भाडं आम्ही पुढे दोन वर्षं ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहीत होतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वर्षाच्या सुरुवातीला दोघांना एकाच ईमेलमध्ये ठेवून उद्दिष्टं लिहून घ्या. बोट दाखवायला मग जागा उरत नाही.

कोल्हापूरहून एमबीएची विद्यार्थिनी : प्रॉडक्टनुसार, प्रदेशानुसार की कामानुसार, यातली सगळ्यात चांगली रचना कोणती?

पेपरात ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं लिहा, मार्क मिळतील. इथे थोडं उघड बोलतो.

युनिलिव्हर घ्या. १९२९च्या करारातून इंग्रजी साबणवाले आणि डच मार्गारीनवाले एकत्र आले, पण लंडन आणि रॉटरडॅम अशा दोन मूळ कंपन्या पुढची ९० वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. २०२०च्या नोव्हेंबरात त्यांची एक ब्रिटिश कंपनी झाली. धंद्यात देशोदेशीचे प्रमुख म्हणजे सुभेदार. साबणाचा फेस तिथल्या पाण्यावर आणि चहाचा रंग तिथल्या दुधावर ठरतो, तेव्हा ते सोयीचंच होतं. २०२२मध्ये कंपनीने मॅट्रिक्स मोडून पाच व्यवसायगट केले. त्यातला एक आइस्क्रीमचा.

इथे माझा एक जुना संशय सांगतो. नवा ऑर्ग चार्ट (कोण कुणाच्या हाताखाली, त्याचा तक्ता) आला की लोक बघतात, कुणाला बढती मिळाली. मी बघतो, कुठली चौकट अशी आखलीय की ती उचलून बाजूला ठेवता येईल. आइस्क्रीमला वेगळा कारखाना, वेगळे ट्रक, दुकानात वेगळा फ्रीझर लागतो, साबणाशी त्याचं काही सामायिक नाही. २०२४च्या मार्चमध्ये ते वेगळं काढायचं जाहीर झालं. भारतातही हिंदुस्तान युनिलिव्हरमधून क्वालिटी वॉल्स (इंडिया) निघाली आणि भागधारकांना एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. आधी कामाचा नकाशा बदलला, मग मालकीचा. बहुतेक वेळा क्रम हाच असतो.

सांगलीहून निवृत्त शिक्षक : माझ्याकडे नेस्ले इंडियाचे थोडे शेअर आहेत. मॅगी इथे बनते, इथेच खपते. मग स्वित्झर्लंडला रॉयल्टी कशाला? डिव्हिडंड तर नेतातच.

गुरुजी, नेमकी नस पकडलीत. डिव्हिडंड निघतो तेव्हा तुमच्या खात्यातही चार पैसे पडतात. रॉयल्टी निघते ती फक्त मूळ कंपनीकडे, आणि नफा मोजण्याआधी. तुमचा हिस्सा ठरतो तो त्यानंतर उरलेल्यातून.

ती सरसकट लूट मात्र नव्हे. ब्रँड, पाककृती, संशोधन मूळ कंपनीच्या नावावर असतं आणि ते वापरायचं मोल द्यावं लागतं. किती, हा खरा वाद. नेस्ले इंडियाची रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्के. ती दर वर्षी ०.१५ टक्क्याने वाढवत पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव २०२४मध्ये आला. मूळ कंपनीकडे सुमारे ६३ टक्के शेअर असले तरी व्यवहार तिच्याशीच असल्याने ठराव मंजूर करायला तिचं मत चालत नाही. राहिले तुमच्यासारखे आणि म्युच्युअल फंडांसारखे. मे महिन्यात ५७ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली आणि ठराव आपटला. जुलैच्या वार्षिक सभेत ४.५ टक्केच चालू ठेवण्याला मंजुरी मिळाली. तुलनेसाठी : हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०२३मध्ये रॉयल्टी आणि केंद्रीय सेवांचं शुल्क मिळून २.६५ वरून टप्प्याटप्प्याने ३.४५ टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं होतं.

ई-व्होटिंगची लिंक ईमेलवर येते. दोन मिनिटं लागतात. नातवाला बसवा.

छत्रपती संभाजीनगरहून एक पुरवठादार : गाडीवर फोक्सवॅगनचं बोधचिन्ह, आमची बिलं ‘स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया’च्या नावाने आणि निर्णय चेक प्रजासत्ताकातून. मालक जर्मन असताना असं का?

२०१९पर्यंत इथे या समूहाच्या तीन वेगवेगळ्या कंपन्या होत्या. त्या एक होऊन हे लांबलचक नाव आलं. मुख्यालय पुणे, कारखाने चाकण आणि तुमच्या शेंद्र्याचा. त्याच्या आदल्याच वर्षी समूहाने ‘इंडिया २.०’ हा १ अब्ज युरोंचा कार्यक्रम जाहीर करून त्याचं नेतृत्व समूहातल्याच चेक कंपनीकडे, स्कोडाकडे दिलं होतं. कारण सरळ आहे. फोक्सवॅगनच्या मुख्यालयात, वुल्फ्सबर्गच्या टेबलावर चीन आणि युरोप असताना भारताची छोटी, किमतीला टोकदार गाडी कायम शेवटच्या क्रमांकावर राहते. तेच काम समूहातल्या एका धाकट्या भावाला दिलं की त्याच्यासाठी ते मोठं होतं. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन एकाच पायावर उभ्या आहेत त्या म्हणूनच. पेमेंट अडलं तर मात्र स्कोडाच्या मुख्यालयाला, म्लाडा बोलेस्लावला नव्हे, पुण्यालाच फोन करायचा.

ठाण्याहून एक वाचक : मोठ्या व्यवहारात मॉरिशस, केमन बेटं मध्येच कुठून येतात? हा सरळ करचुकवेपणा नाही का?

सगळा नाही. काही वेळा कारण साधं असतं : चार देशांतल्या गुंतवणूकदारांना कुणाच्याच अंगणात नसलेली जागा हवी असते, पुढे हिस्सा विकताना कागद सोपे राहतात. पण कर हे कारण नसतंच असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

व्होडाफोनचा खटला यासाठी बघण्यासारखा आहे. २००७मध्ये व्होडाफोनने हचचा भारतातला मोबाइल धंदा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला. कोट्यवधी ग्राहक इथे, टॉवर इथे, स्पेक्ट्रमचे परवाने इथे. विकलं काय गेलं? केमन बेटांवरच्या सीजीपी नावाच्या कंपनीचा एक शेअर. एक म्हणजे खरोखर एकच. विकणारी हाँगकाँगच्या समूहातली, घेणारी व्होडाफोनची नेदरलँड्समधली कंपनी. सीजीपीच्या पोटात मॉरिशसच्या कंपन्या, त्यांच्या पोटात आणखी कंपन्या आणि अगदी तळाशी मुंबईची. डब्यात डबा. सगळ्यात वरच्या डब्याचं झाकण बदललं आणि तळाच्या लाडवाला कुणी हात लावला नाही.

आयकर खातं म्हणालं, लाडू तर भारतातला, कर द्या. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खातं जिंकलं. २० जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला : रचना आधीपासूनची आणि खरी आहे, केवळ व्यवहारासाठी उभा केलेला देखावा नाही, आणि तेव्हाच्या कायद्यात डबे उघडून आत पाहण्याची तरतूद नाही. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. त्यावरून जगभर नाचक्की झाली, २०२०मध्ये लवादातही हार झाली आणि २०२१मध्ये जुन्या व्यवहारांवरची मागणी मागे घ्यावी लागली. पुढच्या व्यवहारांसाठी मात्र नियम कायम आहे : मूल्य मुख्यतः भारतात असेल तर वरचा डबा कुठेही विका, कर इथे.

मॉरिशसची वाटही अरुंद झाली. भारत-मॉरिशस कर कराराच्या २०१६च्या दुरुस्तीने, मॉरिशसच्या कंपनीने १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या भारतीय शेअरच्या विक्रीवर भारताला भांडवली नफ्याचा कर लावता येतो. माझं मत विचाराल तर २०१२चा निकाल बरोबर होता आणि पूर्वलक्षी दुरुस्ती चूक. पण तो एक शेअर पाहून कुठल्याही पगारदाराला चीड आली असेल, तर तीही बरोबर.

शिरोली एमआयडीसीहून एक फौंड्रीमालक : कास्टिंगची ६० टक्के निर्यात जर्मनीला जाते. सल्लागार म्हणतो तिथे कंपनी काढा, भाऊ म्हणतो दुबईला काढा. काय करू?

दुबईला तुमचा ग्राहक आहे का? नसेल तर भावाला विचारा, तिथे बसून कोण काय करणार. निर्णय सगळे शिरोलीत होत असतील तर दुबईची कंपनी करासाठी भारतीयच धरण्याचा नियम आहे. त्या दुबईच्या कंपनीची वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर तो लागू होत नाही, पण नुसत्या पाटीचा खर्च दर वर्षी होतोच.

जर्मनीचं वेगळं. आज तुम्ही इथून बिल करता आणि माल ग्राहकाच्या गेटवर उतरतो, तोवर कंपनीची गरज नाही. दोन गोष्टी घडल्या की चित्र बदलतं. एक, ग्राहक म्हणाला की माल तिथेच गोदामात ठेवा आणि आम्ही मागू तसा द्या. तिथून विक्री सुरू झाली की तिथली व्हॅट नोंदणी आली. दोन, तुमचा तिकडचा माणूस तुमच्या वतीने ऑर्डर पक्क्या करू लागला. मग त्याच्यामुळे तुमचं जर्मनीत आस्थापन, म्हणजे तिथे कर लागणारं धंद्याचं ठिकाण, आहे असं तिथलं कर खातं म्हणू शकतं.

तेव्हा शाखा की कंपनी? शाखा म्हणजे तुम्हीच. एखादा लॉट सदोष निघून दावा लागला तर तो थेट शिरोलीच्या भट्टीपर्यंत येतो. जर्मन मर्यादित कंपनीला २५,००० युरो भांडवल लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीच्या वेळी, शिवाय नोटरी. जोखीम तिच्यापुरती राहते, असं पुस्तक सांगतं. व्यवहारात मोठा ग्राहक पहिल्याच बैठकीत मूळ कंपनीची हमी मागतो. ती दिलीत की भिंत पडली, आणि ती हमी परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेतही मोजली जाते. मर्यादा म्हणजे शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नेट वर्थच्या (मालमत्ता वजा देणी) ४०० टक्के.

मी असतो तर अजून दोन वर्षं एजंटवर काढली असती. सह्यांचा अधिकार त्याला न देता, तसं करारात स्पष्ट लिहून. कंपनी काढायचीच ठरली तर पैसे पाठवण्याआधी बँकेतून परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून त्या कंपनीचा नंबर घ्या, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत तिचा वार्षिक अहवाल द्या. तो चुकला तर पुढचा युरो पाठवताना बँक अडवते. तुमच्या सीएचं ऑक्टोबरपर्यंत ऑडिटमध्ये डोकं वर निघत नाही, नोव्हेंबरात आठवण करा.