नोकरी सांभाळून एलएल.बी.: संध्याकाळचं कॉलेज कुठे मिळेल?

प्रश्न: ताई, वय ३५, बी.कॉम. ५२ टक्के. फोर्टमधल्या खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो, वेळ १० ते ६. वकील व्हायची फार इच्छा आहे. संध्याकाळचं किंवा शनिवार-रविवारचं एलएल.बी. कुठे आहे? एक एजंट म्हणतो, ‘हजेरीचं आम्ही बघतो.’
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा.

बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था, हिच्या २००८ च्या नियमांनुसार तास सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यांमध्येच घ्यायचे असतात. सहाला सुटून तुम्ही कुठलं कॉलेज गाठणार? पत्राद्वारे घेतलेल्या एलएल.बी.वर तर वकिली करण्याची सनदच मिळत नाही. हजेरी दर विषयाला ७० टक्के लागते. २०२४ मध्ये कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीचं फर्मान काढलं, शिवाय नोकरी असेल तर ती जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र द्या असंही सांगितलं. त्यामुळे ‘आम्ही बघतो’वाल्यांच्या भरवशावर तीन वर्षं आणि फी घालवू नका.

तुमच्यासाठी वाट सकाळची. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय सकाळच्या वर्गांसाठी ओळखलं जातं, पण तिथली प्रवेश परीक्षेची कट-ऑफ बघून छातीत धडकी भरते. इतर कॉलेजांत माहितीपुस्तक वाचत बसू नका. पहिल्या वर्षाचं चालू वेळापत्रक मागा, आणि मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटुचा खटला) व प्रात्यक्षिकं कधी होतात ते सीनियर मुलांना विचारा. नोकरदारांची दांडी तिथेच पडते. तीन वर्षांत किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिपही आहे. रजा गावच्या गणपतीत संपवलीत तर पंचाईत. म्हणून कॉलेजच्या आधी साहेबांशी बोला: ११ ते ७ करून देतील का, आणि तसं लेखी देतील का.

गुणांचं टेन्शन नको, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. वयाचंही नको. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो, पेपर मराठीतही असतो.

एक मात्र पत्नीशी बसून ठरवा. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. ज्युनियर वकिलाला सुरुवातीला मिळतं ते डोंबिवली-सीएसएमटी पासाइतकं, हे मी कौतुकाने सांगत नाही. कंपनीतच वर सरकायचं असेल, तर कामगार कायद्याची पदविका बघा. तिचे वर्ग पुष्कळदा संध्याकाळी भरतात.