स्विस ‘मिलिशिया’ला मराठीत काय म्हणावं?

स्वित्झर्लंडवरचा लेख मराठीत आणताना तिथल्या ‘मिलिशिया’ सैन्याला ‘निमलष्करी दल’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते नाही चालणार. निमलष्करी म्हटलं की सीआरपीएफ, बीएसएफ डोळ्यांपुढे येतात; तिथले जवान पूर्णवेळ, पगारी. स्विस सैन्याचं मर्म याच्या उलट आहे. पुरुषांना सेवा सक्तीची, स्त्रियांना ऐच्छिक, असं राज्यघटनाच सांगते. पण सेवा करणारा एरवी सुतार असतो, नाहीतर बँकेतला कारकून. आधी १८ आठवडे प्रशिक्षण, मग काही वर्षं दरसाल तीन आठवड्यांची उजळणी. साध्या शिपायाचे एकूण २४५ दिवस भरले की झालं. मधल्या काळात रायफल घरी ठेवता येते. गोळ्या मात्र २००७ पासून घरी देत नाहीत.

घरचं हत्यार म्हटल्यावर ‘शिलेदार’ सुचेल. पण शिलेदारी ही चाकरी होती, आणि स्विस शिपायाची रायफल सरकारी असते. त्या हिशेबाने तो बारगीरच, म्हणजे सरकारी घोड्या-हत्यारावर लढणारा, ठरेल. ‘होमगार्ड’ पोलिसांच्या मदतीला असतात. नोकरी सांभाळून गणवेश चढवणारी आपली प्रादेशिक सेना सर्वांत जवळची, फक्त तिथे जायची सक्ती नाही.

म्हणून मी ‘नागरिक-सेना’ सुचवेन. ‘नागरी सेना’ कृपया नको. नागरी संरक्षण, नागरी सेवा यांतला ‘नागरी’ म्हणजे बिनलष्करी. शिवाय सद्सद्विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्या तरुणांसाठी स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून वेगळी सेवा आहे. ते रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत काम करतात, तेही लष्करी सेवेच्या दीडपट दिवस. ‘नागरी’ हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

खरी पंचाईत पुढे आहे. जर्मन बोलणारे स्विस लोक ‘मिलित्स’ (म्हणजे मिलिशिया) हा शब्द सैन्यापुरता ठेवत नाहीत. गावची अग्निशमन तुकडी मिलित्स, ग्रामपरिषद मिलित्स, संसदसुद्धा मिलित्स! बहुतेक खासदारांचा स्वतःचा व्यवसाय असतो आणि वर्षातून चारदा, साधारण तीन-तीन आठवड्यांसाठी, ते बर्नला जमतात. इथे ‘मिलिशिया संसद’ लिहिलंत तर मराठी वाचकाला बंदुका घेतलेले खासदार दिसतील. ‘अर्धवेळ संसद’ म्हटलं तर कामचुकार वाटतील. त्यापेक्षा ‘कामधंदा सांभाळून चालवलेली संसद’ असं सरळ लिहा. चार शब्द लागले तरी हरकत नाही.